ॲडम्सटाउन, पिटकेर्न बेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर बंड झालं आणि त्यातले काही बंडखोर पिटकेर्न बेटावर येऊन वसले. त्या बंडाबद्दल कुठे काही छापून आलं किंवा दाखवलं गेलं, की पिटकेर्नबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. तेच तेच प्रश्न एकत्र करून ही उत्तरं लिहिली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत आणि वादाचे, अपवादांचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲडम्सटाउन नेमकं आहे कुठे?

दक्षिण पॅसिफिकमध्ये, साधारण २५ अंश दक्षिण अक्षांश आणि १३० अंश पश्चिम रेखांशावर. नकाशावर न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये बोट ठेवलंत तर निळ्या पाण्याशिवाय फारसं काही दिसत नाही, त्यातच कुठेतरी पिटकेर्न आहे. वस्ती असलेला सर्वांत जवळचा शेजार म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातलं मांगारेवा बेट, तेही पश्चिमेला पाचशे किलोमीटरहून जास्त दूर. ताहिती दोन हजार किलोमीटरच्या पुढे आणि न्यूझीलंड पाच हजारांच्या पुढे. हा ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे आणि ॲडम्सटाउन ही त्याची राजधानी. दुसरं गावच नसल्यामुळे राजधानीचा मान कोणाला द्यायचा, असा वाद कधी झाला नाही.

२. बेट किती मोठं आहे? गाव बेटाच्या कुठल्या बाजूला?

क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईजवळच्या घारापुरीपेक्षाही लहान. ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं आहे आणि सर्वांत उंच जागा ३४७ मीटरवर आहे. भोवती प्रवाळाची शांत खाडी नाही, वाळूचा लांब किनारा नाही. पॉलिनेशिया म्हटलं की माडाखाली झोपाळा बांधलेलं जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथे लागू पडत नाही.

गाव उत्तरेकडच्या उतारावर आहे. खाली बाउंटी बे नावाचा छोटासा उपसागर. तिथून 'हिल ऑफ डिफिकल्टी' नावाचा चढ चढून आलं की 'द एज' नावाची कड्याच्या माथ्यावरची जागा लागते, आणि पुढे घरं सुरू होतात. आधी हा रस्ता तांबड्या मातीचा होता. पाऊस पडला की त्यावरून चढणं जिवावर यायचं. आता तो काँक्रीटचा आहे आणि लोक चारचाकी क्वाड बाइकवरून ये-जा करतात. गावाच्या मधोमध 'द स्क्वेअर' हा चौक आहे. चर्च, सार्वजनिक सभागृह, टपाल कचेरी आणि बाउंटीचा समुद्रातून काढलेला नांगर, सगळं तिथेच. बेटावर बारमाही नदी नाही. घराच्या छपरावरून येणारं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून वर्षभर पुरवायचं, ही इथली रीत.

३. पिटकेर्न 'बेटं' असं अनेकवचनी का म्हणतात?

कारण या प्रदेशात चार बेटं आहेत: पिटकेर्न, हेंडरसन, ओएनो आणि ड्यूसी. माणसं राहतात ती फक्त पिटकेर्नवर. हेंडरसन आकाराने पिटकेर्नच्या कितीतरी पट मोठं, पण ते समुद्रातून वर उचललं गेलेलं प्रवाळ आहे. पृष्ठभाग धारदार, पिण्याचं पाणी जवळजवळ नाही. म्हणून तिथे वस्ती टिकली नाही आणि पक्षी टिकले. फक्त तिथेच आढळणाऱ्या पक्ष्यांच्या जाती आहेत आणि १९८८ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. एवढ्या निर्मनुष्य बेटाच्या किनाऱ्यावर प्रवाहांबरोबर वाहून आलेल्या प्लॅस्टिकचा खच पडतो, ही बातमी २०१७ साली जगभर गाजली. चारही बेटांभोवतीचा सुमारे आठ लाख तीस हजार चौरस किलोमीटर समुद्र २०१६ मध्ये संरक्षित म्हणून जाहीर झाला.

४. बंडखोर येण्याआधी बेट रिकामंच होतं ना?

१७९० साली रिकामं होतं, कायमचं रिकामं नव्हतं. बंडखोरांना इथे दगडी चौथरे, त्यांवरच्या मूर्ती, दगडी हत्यारं, लागवडीच्या खुणा, सगळं दिसलं. दक्षिणेकडच्या 'डाउन रोप' या उभ्या कड्याच्या तळाशी दगडात कोरलेल्या आकृत्या आजही आहेत.

हे आधीचे रहिवासी पॉलिनेशियन दर्यावर्दी होते. पिटकेर्नवर हत्यारांना लागणारा उत्तम दगड मिळतो, टाउटामा इथल्या खाणीतला दगड तर खासच. मांगारेवा, पिटकेर्न आणि हेंडरसन यांच्यात होड्यांची नियमित ये-जा होती, आणि पिटकेर्नचा दगड हेंडरसनवर सापडतो हा त्याचा पुरावा. ही देवघेव मांगारेवामुळे चालू होती. तिथली जंगलतोड आणि आपसातल्या मारामाऱ्या वाढून होड्या येणं थांबलं, तेव्हा लहान बेटांवरच्या वस्त्या तग धरू शकल्या नाहीत, असं संशोधक मांडतात. मूर्ती मात्र नव्या रहिवाशांनी कड्यावरून समुद्रात लोटून दिल्या. गावाचा इतिहास १७९० पासून सुरू होतो असं कोणी सांगितलं, तर त्या मूर्तींची आठवण करून द्यावी.

५. मग 'पिटकेर्न' हे नाव कोणाचं?

एका पंधरा वर्षांच्या मुलाचं. जुलै १७६७ मध्ये कॅप्टन फिलिप कार्टरेटच्या 'स्वॉलो' जहाजावरून रॉबर्ट पिटकेर्न या शिकाऊ अधिकाऱ्याला हे बेट पहिल्यांदा दिसलं. लाटा इतक्या होत्या की कार्टरेटला उतरता आलं नाही. त्याने नकाशात जागा नोंदवली, पण रेखांश सुमारे तीन अंशांनी चुकला. बेट खऱ्या जागेपासून तीनशेहून जास्त किलोमीटर सरकून बसलं आणि १७७३ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकला शोधूनही सापडलं नाही. ही चूक पुढे कोणाच्या पथ्यावर पडली ते प्रश्न ७ मध्ये.

६. बाउंटीवरचं बंड कशावरून झालं?

जहाज निघालं होतं नीरफणसाची रोपं आणायला. हो, कोकणात आणि गोव्यात ज्याचे काप रव्यात घोळवून तव्यावर परततात तोच. वेस्ट इंडीजमधल्या ऊसमळ्यांवरच्या गुलामांना पोटभर आणि स्वस्त खाणं मिळावं म्हणून ताहितीहून रोपं न्यायची, अशी ब्रिटिशांची योजना. कॅप्टन विल्यम ब्लाय. रोपं तयार होईपर्यंत जहाज पाच महिने ताहितीला थांबलं. खलाशांची तिथे घरं झाली, नाती जुळली. परतीच्या वाटेवर, २८ एप्रिल १७८९ रोजी टोंगाजवळ फ्लेचर ख्रिश्चन आणि साथीदारांनी ब्लायला अठरा जणांसह एका उघड्या होडीत उतरवून दिलं. ब्लायने ती होडी साडेतीन हजारांहून जास्त सागरी मैल वल्हवत, शिडावर हाकत तिमोरला नेली. बंडाचं कारण ब्लायची जीभ की ताहितीचा मोह, यावर दोनशे वर्षं शाई खर्च झाली आहे. गावाच्या इतिहासापुरतं पाहिलं तर हा वाद बाजूला ठेवला तरी बिघडत नाही.

७. बंडखोर इथे कसे पोचले आणि पुढे काय झालं?

आधी तुबुआई बेटावर राहायचा प्रयत्न फसला. मग बहुतेक जण ताहितीवर उतरले. त्यांच्यातले चौदा जण १७९१ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या 'पँडोरा' जहाजाने पकडले आणि तिघांना पुढे इंग्लंडमध्ये फाशी झाली. ख्रिश्चनसह नऊ जण मात्र बाउंटी घेऊन लपायला जागा शोधत निघाले. जहाजावरच्या पुस्तकांत कार्टरेटची नोंद होती. चुकीच्या जागी दाखवलेलं बेट म्हणजे नौदलाला न सापडणारं बेट. १५ जानेवारी १७९० रोजी ते पिटकेर्नला लागले. बरोबर सहा पॉलिनेशियन पुरुष, अकरा-बारा स्त्रिया आणि एक तान्ही मुलगी. २३ जानेवारीला बाउंटी जाळून टाकली.

पुढचा भाग रक्तपाताचा आहे. जमिनीचे नऊ वाटे झाले, नऊही गोऱ्यांचे. पॉलिनेशियन पुरुषांना चाकरी तेवढी मिळाली. त्यात एका बंडखोराची बायको कड्यावर पक्ष्यांची अंडी गोळा करताना पडून मेली, तेव्हा त्याने पॉलिनेशियन पुरुषाची बायको स्वतःकडे ठेवून घेतली. सप्टेंबर १७९३ मध्ये ठिणगी पडली. ख्रिश्चन धरून पाच बंडखोर मारले गेले. दोन पॉलिनेशियन पुरुष त्याआधीच मारले गेले होते, उरलेले चौघेही थोड्याच दिवसांत गेले. उरलेल्या चौघा बंडखोरांपैकी मॅकॉयने 'टी' नावाच्या (चहाशी संबंध नसलेल्या) झाडाच्या मुळांपासून दारू गाळायचं तंत्र जमवलं आणि त्याच पायी कड्यावरून जीव दिला. क्विंटल इतका अनावर झाला की बाकीच्या दोघांनी त्याला कुऱ्हाडीने संपवलं. यंग १८०० मध्ये दम्याने गेला. राहिला एकटा जॉन ॲडम्स.

८. त्या स्त्रियांबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही. त्या कोण होत्या?

हा प्रश्न कमी येतो, पण गाव समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी. दहा वर्षांत जवळजवळ सगळे पुरुष एकमेकांच्या हातून मेले. शेती, मुलं, घरं, विस्तव हे सगळं ज्यांच्यामुळे चालू राहिलं त्या या ताहितीकडच्या बायका. ख्रिश्चनची जोडीदार माउआतुआ १८४१ पर्यंत जगली. तेराउरा १८५० पर्यंत, आणि बाउंटीतून आलेल्यांपैकी ती शेवटची. १७९३ च्या कत्तलीत एका पॉलिनेशियन पुरुषाला मारलं ते तिनेच, असं सांगतात.

त्या राजीखुशीने आल्या होत्या का? बहुतेक नाही. तेहुतेआतुआओनोआ, खलाशांच्या तोंडी 'जेनी', हिची हकीगत आपल्याकडे आहे. १८१७ मध्ये ती एका जहाजातून बेट सोडून गेली, आणि तिने सांगितलेलं आधी सिडनीच्या आणि मग १८२६ साली कोलकात्याच्या 'बेंगाल हरकारू' या वृत्तपत्रात छापून आलं. तिच्या सांगण्याप्रमाणे ताहितीला रात्री नांगराचा दोर कापून जहाज हाकारलं, जहाजावर आलेल्या बायकांना किनाऱ्यावर जाऊच दिलं नाही. ऑगस्ट १७९४ मध्ये बायकांनी स्वतः होडी बांधून बेट सोडायचा प्रयत्न केला. फळ्या कमी पडल्या म्हणून जेनीने राहत्या घराच्या फळ्या उपटून दिल्या. होडी पाण्यात घातली आणि उलटली. बंडखोरांनी हे लिहून ठेवलं आहे.

या बायका कागदी तुतीच्या सालीपासून तापा नावाचं कापड कुटून करायच्या. त्यांच्या हातचे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आजही आहेत. भुईत तापवलेल्या दगडांवर अन्न शिजवायची पद्धत, कंद किसून केळीच्या पानात भाजायचा 'पिल्ही' हा पदार्थ, झाडांची आणि माशांची नावं, हे सगळं त्यांच्याकडून आलं. बंडखोरांनी आणली ती आडनावं. म्हणूनच या गावाला ब्रिटिश खलाशांची वसाहत म्हणण्यापेक्षा पॉलिनेशियन गाव म्हणणं जास्त बरोबर, असं आमचं मत आहे.

९. एवढं सगळं होऊन गावाला ॲडम्सचंच नाव का?

कारण जग येऊन भेटलं तेव्हा तो एकटाच पुरुष उरला होता. फेब्रुवारी १८०८ मध्ये 'टोपाझ' हे सील मारणारं अमेरिकन जहाज घेऊन कॅप्टन मेह्यू फोल्जर इथे आला. समोर होडीतून आलेली तरुण मुलं इंग्रजीत बोलली, तेव्हा तो चाट पडला. ॲडम्स तोवर बाउंटीवरचं बायबल हाताशी धरून मुलांना लिहा-वाचायला शिकवत होता. १८१४ मध्ये ब्रिटिश युद्धनौका आल्या, पण म्हाताऱ्याला पकडून न्यावं असं कोणालाही वाटलं नाही. तो १८२९ मध्ये वारला. बंडखोरांपैकी त्याचीच तेवढी कबर गावात दाखवता येते. सुरुवातीच्या वर्षांबद्दल आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं त्यानेच पाहुण्यांना सांगितलेलं आहे, आणि पाहुणा बदलला की हकीगतही थोडी बदलायची. ते लक्षात ठेवून वाचावं.

१०. गाव दोनदा ओस पडलं होतं, हे खरं का?

खरं आहे. १८३१ मध्ये पाणी आणि जमीन पुरेना या भीतीने सगळ्यांना ताहितीला हलवलं. तिथल्या साथींना हे लोक कधी सामोरे गेलेच नव्हते. पटापट माणसं दगावली, त्यात फ्लेचरचा थोरला मुलगा थर्सडे ऑक्टोबर ख्रिश्चनही गेला. उरलेले त्याच वर्षी परतले.

दुसऱ्यांदा १८५६ मध्ये. लोकसंख्या दोनशेच्या घरात गेली, तेव्हा ब्रिटनने ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावरची रिकामी झालेली कैद्यांची वसाहत देऊ केली. सगळं गाव जहाजात बसून ८ जूनला तिथे उतरलं. काही कुटुंबांना करमेना. एक तुकडी १८५९ मध्ये आणि दुसरी १८६४ मध्ये पिटकेर्नला परत आली. आजचं गाव या परतलेल्यांचं आहे, तर नॉरफोकवर त्याच वंशाची कितीतरी जास्त माणसं राहतात.

११. मग बाउंटी डे २३ जानेवारीला की ८ जूनला?

दोन्ही बरोबर. पिटकेर्नवर २३ जानेवारी, बाउंटी जाळल्याचा दिवस. त्या दिवशी जहाजाची छोटी प्रतिकृती पाण्यात पेटवतात. नॉरफोकवर ८ जून, तिथे उतरल्याचा दिवस. का, ते प्रश्न १० मध्ये आलं आहे.

१२. जगात बायकांना मतदानाचा हक्क पहिल्यांदा इथे मिळाला म्हणतात. खरं का?

'पहिल्यांदा' हा शब्द जपून वापरावा. १८३८ मध्ये 'फ्लाय' या ब्रिटिश जहाजाचा कॅप्टन एलियट इथे आला आणि गावासाठी थोडक्यात नियम लिहून दिले. त्यांत वर्षाला एक दंडाधिकारी निवडायचा होता आणि मत अठरा वर्षांवरच्या स्त्री-पुरुष दोघांनाही होतं. मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं झालं. न्यूझीलंडने स्त्रियांना मत दिलं ते १८९३ मध्ये, म्हणजे पिटकेर्न पन्नासहून जास्त वर्षं पुढे. पण न्यूझीलंडची गणना देशांत होते आणि हे शंभरेक वस्तीचं गाव होतं. शिवाय बाईने सरपंच व्हायला बराच काळ गेला: निवडणुकीतून महापौर झालेल्या पहिल्या महिला शार्लीन वॉरन-प्यू, त्याही २०१९ मध्ये.

१३. गावात कुठली भाषा बोलतात? धर्म कुठला?

इंग्रजी आणि पिटकेर्न. हो, भाषेचं नावही तेच, स्थानिक उच्चार 'पिटकर्न'च्या जवळ जातो. अठराव्या शतकातल्या खलाशांची इंग्रजी आणि ताहितीयन यांची ती सरमिसळ आहे. नॉरफोकवर तिचीच बहीण बोलली जाते.

धर्म ख्रिस्ती, पंथ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. १८८६ मध्ये जॉन टे नावाचा अमेरिकन प्रचारक आला आणि काही वर्षांत सगळं गाव त्या पंथात गेलं. शनिवार सुट्टीचा, डुक्कर वर्ज्य. डुकरं त्या वेळी मारून टाकली, असं सांगतात. आता चर्चला नेमाने जाणारे थोडेच उरले आहेत.

१४. नकाशावर 'व्हेअर डॅन फॉल' असली नावं आहेत. ही थट्टा आहे का?

थट्टा नाही, नोंदवही आहे. डॅन जिथून पडला ती 'व्हेअर डॅन फॉल', जॉनी पडला ती 'जॉनी फॉल', कोणाचं कंबरडं मोडलं ती 'ब्रेक इम हिप'. 'मॅकॉय्ज ड्रॉप' आहे आणि नुसतं 'ओ डिअर'ही आहे. प्रश्न २ मधले कडे किती उभे असतील, याचा अंदाज या नावांवरून चांगला येतो. मासे आणि पक्ष्यांची अंडी यांसाठी लोक रोज या कड्यांवरून चढ-उतार करायचे.

१५. एवढ्याशा गावाचं पोट कशावर भरतं?

घरचं बरंचसं परसात पिकतं: रताळी, केळी, पपई, नीरफणस, ऊस. समुद्र मासे देतो. रोख पैशाचं तंत्र मात्र काळाप्रमाणे बदललं. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला आणि न्यूझीलंडला जाणारी जहाजं वाटेत थांबू लागली. लोक लांब होड्या घेऊन जहाजाला भिडायचे, दोरीच्या शिडीने वर चढून फळं आणि लाकडी कोरीवकाम विकायचे. १९३७ मध्ये लोकसंख्या २३३ वर होती, हा आजवरचा उच्चांक. पुढे विमानं आली, जहाजं आटली आणि तरुण न्यूझीलंडला गेले.

१९४० पासून गावाची स्वतःची टपाल तिकिटं आहेत. संग्राहकांनी ती इतकी विकत घेतली की अनेक वर्षं खर्च त्यावर भागला. तो छंदही ओसरला. आता मध, पर्यटक आणि ब्रिटनचं अनुदान. मधाचं कौतुक अशासाठी की इथल्या मधमाश्या रोगमुक्त आहेत. कोरीवकामाला लागणारं मिरो लाकूड आणायला गावकरी अजून हेंडरसनला जातात.

१६. २००४ च्या खटल्यांबद्दल कोणी सरळ का बोलत नाही?

सरळ बोलायला हवं. २००४ मध्ये गावातल्या सात पुरुषांवर लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांचे खटले चालले आणि सहा जण दोषी ठरले. अत्याचार अनेक दशकांतले होते. न्यायाधीश आणि वकील जहाजाने आले, सभागृहात न्यायालय भरलं, तुरुंग बांधावा लागला. आरोपींच्या बाजूने एक युक्तिवाद असा होता की पूर्वजांनी बाउंटी जाळली तेव्हाच ब्रिटनशी नातं तोडलं, त्यामुळे ब्रिटिश कायदा इथे लागूच नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अशा प्रदेशांसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, २००६ मध्ये तो फेटाळला. 'इथली रीतच तशी' असंही तेव्हा म्हटलं गेलं. ज्या मुलींनी मोठेपणी साक्ष दिली त्यांना ती रीत मान्य नव्हती, हे पुरेसं आहे. बेटाच्या रम्य वर्णनांत हा भाग गाळणं आम्हाला पटत नाही.

१७. कारभार कोण बघतं?

रोजचा कारभार महापौर आणि निवडून आलेलं बेट-मंडळ. वर गव्हर्नर, पण ते वेलिंग्टनमध्ये बसतात, कारण न्यूझीलंडमधले ब्रिटिश उच्चायुक्त हेच पदसिद्ध गव्हर्नर. सध्याचं संविधान २०१० चं. चलन न्यूझीलंड डॉलर. मुलं फार थोडी, शिक्षक न्यूझीलंडहून यायचा आणि माध्यमिक शिक्षणाला तिकडेच जावं लागतं.

१८. तिथे जायचं कसं? भारतातून जमेल का?

विमानतळ नाही, आणि बांधायला सपाट जागाही नाही. ताहितीहून विमानाने मांगारेवा, तिथून 'सिल्व्हर सपोर्टर' हे मालवाहू जहाज. समुद्रात दीड दिवस. जहाज धक्क्याला लागत नाही. बेटाबाहेर उभं राहतं, गावकरी लांब होडी घेऊन येतात आणि लाट वर आली की हात धरून खाली घेतात. लाटा मोठ्या असतील तर थांबायचं, नाहीतर पश्चिमेकडच्या टेडसाइडच्या धक्क्यावर प्रयत्न करायचा. हॉटेल नाही, गावकऱ्यांच्या घरीच राहणं-जेवणं. वाट फ्रेंच पॉलिनेशियातून जाते, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनी ध्यानात ठेवावं: साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, त्या प्रदेशासाठीचा वेगळा घ्यावा लागतो.

१९. सगळे रहिवासी बंडखोरांचेच वंशज आहेत का?

बहुतेक, सगळे नव्हेत. ख्रिश्चन आणि यंग ही आडनावं बाउंटीची. वॉरन हे एका अमेरिकन देवमासा-शिकाऱ्याचं, तो इथे लग्न करून राहिला. बाहेरून येऊन स्थायिक झालेलेही आहेत, आणि २०२२ मध्ये महापौरपदी निवडून आलेले सायमन यंग तर आडनावावरून फसवतात: बेटावर न जन्मलेले ते पहिले महापौर.

२०. कायमचं राहायला गेलं तर घेतील का?

घेतील, अर्ज करावा लागतो. घर बांधायला जमीन मोफत मिळते. माणसं पन्नासहूनही कमी उरली आहेत, त्यांतली बरीच वयस्कर, त्यामुळे होडी ओढायला आणि जहाजावरचा माल उतरवायला धडधाकट हात हवेच आहेत. तरी अर्ज बोटांवर मोजण्याइतकेच येतात. नोकरी म्हणावी तर गावाची सार्वजनिक कामं, तीही अर्धवेळ. गंभीर आजारी माणसाला पुढच्या उपचारांसाठी समुद्रमार्गेच न्यावं लागतं. अर्जाआधी एकदा पाहुणा म्हणून राहून या, आणि उतरताना होडीतला गावकरी सांगेल त्याच क्षणी उडी मारा.